फ्रायडे आणि त्याचा धनी: ‘रॉबिन्सन क्रूसो’वर लिहिताना या चुका टाळा

सुरुवातीच्या इंग्रजी साहसकथांमधील वसाहतवाद हा विषय निघाला की पहिले नाव येते ते डॅनियल डिफो याच्या १७१९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रॉबिन्सन क्रूसो’चे. जहाज फुटून निर्जन बेटावर अडकलेला इंग्रज क्रूसो आणि त्याने तिथे वाचवून आपला चाकर केलेला तरुण फ्रायडे यांची ही कथा. अडचण अशी की, या कादंबरीविषयी मत बहुतेकांचे तयार असते, पण मूळ पुस्तक पूर्ण वाचलेले फार थोडे. लहानपणी वाचलेल्या संक्षिप्त आवृत्तीच्या आठवणीवर ‘वसाहतवादी मानसिकता’ हा शिक्का मारला की निबंध तयार होतो. असा निबंध चुकीचा असतोच असे नाही, पण पोकळ मात्र हमखास असतो. धनी आणि चाकर यांचे नाते डिफोने मोठमोठ्या विधानांत मांडलेले नाही. ते किमती, करार, पहारे आणि बक्षिसे यांच्या बारीक तपशिलांत विखुरलेले आहे, आणि पुढील बहुतेक चुका त्या तपशिलांवरून नजर घसरल्यामुळे होतात.

बेटापासून सुरुवात करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ‘परिस्थितीने एका साध्या खलाशाला मालक बनवले’ अशा अर्थाचे वाक्य आपल्या लेखात आले असेल, तर लेखकाने पुस्तकाचा पहिला चतुर्थांश पुन्हा वाचावा. फ्रायडे भेटण्याच्या कितीतरी वर्षे आधी क्रूसो स्वतः मोरोक्कोतील साले या बंदरात एका मूर (उत्तर आफ्रिकेतील मुसलमान) चाच्याचा गुलाम होता. तेथून तो होडीने पळतो तेव्हा सोबतच्या प्रौढ मूराला समुद्रात ढकलून देतो आणि झुरी नावाच्या पोराला सांगतो की एकनिष्ठ राहण्याची शपथ घे, नाहीतर तुलाही पाण्यात टाकावे लागेल. झुरी शपथ घेतो. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्याने जाताना धोक्याची कामे तो क्रूसोच्या बरोबरीने करतो आणि रानटी माणसे आलीच तर त्यांनी मला खावे, तुम्ही निसटावे, असेही बोलून दाखवतो.

मग पोर्तुगीज जहाज भेटते. त्याचा कप्तान भला माणूस आहे, असे क्रूसो पुनःपुन्हा सांगतो, आणि त्या भल्या माणसाने दिलेला हिशेब जसाच्या तसा नोंदवतो: बिबळ्याच्या कातड्याचे २० डुकाट (सोन्याची नाणी), सिंहाच्या कातड्याचे ४०, होडीबद्दल चांदीची ८० स्पॅनिश नाणी आणि झुरीबद्दल ६०. ज्या मुलाने आपल्याला स्वातंत्र्य मिळवून दिले त्याचेच स्वातंत्र्य विकायला क्रूसो आधी कचरतो. पण मुलगा ख्रिस्ती झाल्यास दहा वर्षांनी त्याला मोकळे करू, असे कप्तान लिहून द्यायला तयार होतो, झुरीही राजी असल्याचे क्रूसो सांगतो, आणि व्यवहार पुरा होतो. पुढे ब्राझीलमधल्या स्वतःच्या मळ्यावर मनुष्यबळ अपुरे पडू लागते तेव्हा कुठे त्याला झुरीला विकल्याचा पस्तावा होतो. हा पस्तावा कशाचा आहे हे ओळखणे म्हणजे अर्धे पुस्तक ओळखणे, असे मला वाटते.

त्याच मळ्यासाठी क्रूसोने एक आफ्रिकी गुलाम आणि एक युरोपीय नोकर ठेवलेला होता. १६५९ साली ज्या सफरीत त्याचे जहाज फुटले ती सफरही मळेवाल्यांसाठी पश्चिम आफ्रिकेतील गिनीच्या किनाऱ्यावरून चोरून गुलाम आणण्याची होती, कारण हा व्यापार स्पेन आणि पोर्तुगालच्या राजांच्या परवान्याखाली चाले. बेटावर एकटा पडलेला माणूस म्हणजे गुलामांच्या खरेदीला निघालेला मळेवाला. मुलांसाठीच्या आवृत्त्यांत हा सगळा भाग आखडता घेतलेला असतो, म्हणून मूळ संहितेला पर्याय नाही.

निवेदकाचे म्हणणे घटना म्हणून नोंदवणे

‘फ्रायडेने क्रूसोचा पाय स्वतःच्या डोक्यावर ठेवून कायमची गुलामी पत्करली’ हे वाक्य शेकडो ठिकाणी सापडते. पुस्तकात नेमके काय आहे? पाठलागातून वाचलेला एक तरुण जमिनीला डोके टेकतो आणि अनोळखी माणसाचा पाय आपल्या डोक्यावर ठेवतो. ही आयुष्यभर गुलाम राहण्याची शपथ असावी, हा अर्थ क्रूसो लावतो, आणि तो लावताना ‘असे दिसते’ अशी पुस्तीही जोडतो. त्या क्षणी दोघांमध्ये समान असा एकही शब्द नसतो. शिवाय अशाच प्रकारे पळून आलेला एक रानटी माणूस आपला चाकर होतो, असे स्वप्न क्रूसोला पूर्वीच पडलेले असते, आणि हा तरुण पळत येताना दिसताच आता नोकर मिळवण्याची वेळ आली, हा विचार त्याच्या मनात येतो. म्हणजे अर्थ आधी ठरला आणि खूण नंतर मिळाली. यावर उपाय सोपा आहे: अशा प्रत्येक वाक्याला ‘क्रूसोच्या सांगण्यानुसार’ जोडून पाहावे आणि विधान तरीही टिकते का ते तपासावे.

नावाचेही तसेच. या तरुणाचे स्वतःचे नाव काय, हे क्रूसो विचारतच नाही. त्याला वाचवले तो वार शुक्रवार म्हणून तो फ्रायडे. त्यानंतर त्याला ‘मालक’ हा शब्द शिकवला जातो, आणि ‘हो’ व ‘नाही’ त्याच्याही नंतर. पहिल्या काही रात्री क्रूसो आतून दार लावतो, शिड्या ओढून घेतो आणि सर्व हत्यारे आपल्या बाजूला ठेवतो. इतका प्रेमळ व निष्ठावान नोकर कोणालाही लाभला नसेल, ही ग्वाही तो जवळपास त्याच पानावर देतो.

येथे उलट दिशेची चूकही होते. फ्रायडेला निव्वळ मूक बळी ठरवणारे लेख त्याचे बोलणे वाचतच नाहीत. देव सैतानापेक्षा एवढा बलवान असेल तर तो सैतानाला ठार का करत नाही, हा त्याचा प्रश्न ऐकून क्रूसो चक्क न ऐकल्याचे सोंग करतो. धर्मोपदेशाच्या त्या प्रसंगात गुरू निरुत्तर होतो आणि शिष्य प्रश्न पुन्हा विचारतो. मुकेपणाचा मुद्दा ज्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो त्यांनी बहुधा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले लेखक जे. एम. कोएत्झी यांची क्रूसोची कथा नव्याने सांगणारी १९८६ सालची ‘फो’ ही कादंबरी आधी वाचलेली असते. जीभ कापलेला, आफ्रिकी वाटणारा फ्रायडे तिथला आहे. डिफोचा फ्रायडे दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीच्या मुखाजवळच्या मुलखातला आहे, आणि त्याचे केस लांब व सरळ आहेत, वर्ण काळा नाही, हे क्रूसो मुद्दाम वेगळे काढून सांगतो. त्या वर्णनातली वांशिक उतरंड हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सेलकर्कवर सगळा भार टाकणे

अलेक्झांडर सेलकर्क हा स्कॉटिश खलाशी हुआन फर्नांदेझ बेटांवर १७०४ ते १७०९ या काळात एकटा राहिला आणि त्याच्यावरून ही कथा सुचली असे मानले जाते, हे खरे. पण त्याच्याजवळ कोणी फ्रायडे नव्हता. त्यामुळे धनी-चाकर नात्याचे स्पष्टीकरण त्याच्या चरित्रात शोधणे व्यर्थ आहे. ते ब्राझीलच्या मळ्यांत शोधावे.

स्पॅनिशांवरची टीका म्हणजे वसाहतवादाला विरोध समजणे

बेटावर येणाऱ्या नरभक्षकांवर हल्ला करावा की नाही, याचा विचार करताना क्रूसो थबकतो. या लोकांनी माझे काही बिघडवलेले नाही, मग त्यांना मारण्याचा मला काय अधिकार, असे तो स्वतःला विचारतो आणि अमेरिकेतील स्पॅनिश कत्तलींचा कडक शब्दांत धिक्कार करतो. हा उतारा सुटा काढून डिफोला काळाच्या पुढचा विचारवंत ठरवण्याचा मोह होतो. परंतु स्पॅनिश क्रौर्याचा निषेध ही त्या काळच्या प्रॉटेस्टंट इंग्रजांची सवयीची भूमिका होती, आणि १७१३च्या उट्रेक्ट तहानंतर स्पॅनिश अमेरिकेला गुलाम पुरवण्याचा मक्ता ब्रिटनकडेच आलेला होता. प्रतिस्पर्ध्याच्या हातावरचे रक्त दाखवताना स्वतःचा धंदा थांबवावा लागत नाही.

‘त्या काळी असेच होते’ म्हणून सोडून देणे

हे वाक्य समतोल वाटते, पण ते तपासाआधीच निकाल देते. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउनच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी गुलामीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला तो १६८८ साली. १७११ साली ‘स्पेक्टेटर’ या लंडनच्या नियतकालिकात यारिकोची कथा आली. आपला जीव वाचवणाऱ्या त्या तरुणीला इंकल नावाचा इंग्रज व्यापारी बार्बाडोसमध्ये विकतो, आणि वाचकांना त्याची चीड यावी अशाच रीतीने ती सांगितलेली आहे. म्हणजे झुरीची विक्री वाचताना अस्वस्थ होण्याची सोय १७१९च्या वाचकाकडेही होती.

करार आणि बक्षिसे न तपासणे

लेख वरवरचा वाटत असेल आणि नेमके काय कमी आहे ते कळत नसेल, तर बहुतेक वेळा हेच कमी असते. बेटावर येऊ पाहणाऱ्या स्पॅनिश लोकांनी माझी आज्ञा पाळण्याची शपथ घ्यावी आणि तसे लिहून सही करावी, असा क्रूसोचा आग्रह असतो. त्यांच्याकडे शाई नाही आणि लेखणीही नाही, हे कोणाच्या लक्षातच आले नाही, अशी कबुली तो गमतीने देतो. खलाशांनी बंड करून बेटावर आणलेल्या इंग्रज कप्तानालाही तो मदत करण्याआधी अटी घालतो. झुरीच्या वाट्यालासुद्धा दहा वर्षांची का होईना, एक मुदत आली होती. फ्रायडेच्या बाबतीत मुदत, पगार, अट यांपैकी काहीही नाही; त्याचा सगळा करार त्या डोक्यावरच्या पायात उरकलेला आहे.

क्रूसो परत आल्यावर मळ्याचे उत्पन्न हाती येते, तेव्हा तो जुन्या पोर्तुगीज कप्तानाला आजन्म वर्षाला १०० मोइडोर (पोर्तुगीज सोन्याची नाणी) बांधून देतो, त्याच्या मुलाला ५० ठरवतो आणि आपले पैसे सांभाळणाऱ्या विधवेलाही विसरत नाही. त्याच कप्तानाला भेटूनही झुरीचे पुढे काय झाले, हे तो विचारत नाही. लिस्बनपर्यंत सोबत आलेल्या फ्रायडेचे नाव त्या बक्षिसांच्या यादीत नाही.

फ्रायडे पुढे इंग्लंडमध्ये सुखाने राहिला, असे लिहिणाऱ्यांनी १७१९ सालीच आलेला कादंबरीचा दुसरा भागही चाळावा. त्यात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ होड्यांतून आलेल्या लोकांशी बोलण्यासाठी क्रूसो त्याला डेकवर पाठवतो आणि तो तेथेच बाणांनी मारला जातो.