अँटेनाखालचे जुने पेडेस्टल आणि फसवा गुलाबी रंग

काँक्रीट तपासण्याच्या हातोडा, अल्ट्रासोनिक आणि हाफ-सेल या चाचण्या नव्या अभियंत्यांना ठाऊक असतात, म्हणून त्यांविषयी लिहीत नाही. मी फसलो तो काँक्रीट अल्कधर्मी आहे का हे दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिन द्रावणाच्या गुलाबी रंगाने, आणि त्याची खंत आजही गेलेली नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीलगतच्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइल मनोऱ्याचे पाय ज्या पेडेस्टलवर, म्हणजे काँक्रीटच्या बुटक्या खांबांवर होते, त्यांतील एकाचे काँक्रीट फुगून सळ्या उघड्या पडल्या होत्या. सैल भाग फोडून कडेला द्रावण फवारले, ते गर्द गुलाबी झाले, आणि उरलेले काँक्रीट निरोगी मानून मी तेवढीच जागा पॉलिमर मॉर्टरने भरली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ठिगळ शाबूत होते, पण त्याला लागूनच नवी उभी भेग गेली होती.

गुलाबी रंग म्हणजे कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची अल्कधर्मिता घटणे) तिथवर पोहोचलेले नाही, एवढेच. क्लोराइडविषयी तो काहीही सांगत नाही. खाऱ्या वाऱ्यातून किंवा न धुतलेल्या खाडीच्या वाळूतून आलेले क्लोराइड अल्कधर्मी काँक्रीटमध्येही सळईवरचा संरक्षक थर फोडते. शिवाय गंजणारा भाग अ‍ॅनोड (म्हणजे स्वतः झिजणारे टोक) बनून शेजारच्या सळईला वाचवत असतो. तो काढून तिथे स्वच्छ मॉर्टर भरले, की क्लोराइडने भरलेल्या काँक्रीटमधली शेजारची सळई अ‍ॅनोड होते. त्या भेगेला माझी दुरुस्तीच कारण झाली होती.

म्हणून निरनिराळ्या खोलीवरची भुकटी ड्रिलने काढून क्लोराइड मोजून घ्याच, आय.एस. ४५६:२००० या भारतीय काँक्रीट मानकातील नव्या सळईयुक्त काँक्रीटसाठीची घनमीटरला ०.६ किलोची मर्यादा तुलनेला उपयोगी पडते. सळईच्या मागचेही काँक्रीट काढा आणि ठिगळाच्या कडेला, सळईऐवजी झिजतील असे, जस्ताचे अ‍ॅनोड बांधा. वरून जाकीट (नव्या काँक्रीटचे वेष्टण) चढवले की झाले, असे सांगणाऱ्या साहित्य-विक्रेत्यापेक्षा छिन्नी चालवलेल्या म्हाताऱ्या गवंड्याला आधी विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

मनोऱ्याला तात्पुरता आधार दिल्याशिवाय मात्र छिन्नी लावू नका. पेडेस्टल केवळ वजन पेलत नाही. वादळात वाऱ्याकडच्या बाजूचा पाय वर खेचला जातो आणि तो ताण पाय काँक्रीटला जखडणाऱ्या अँकर बोल्टमधून त्याच गंजलेल्या सळ्यांवर येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा हे गणित कागदापुरते राहिले नव्हते.

तरी घाबरून जाऊ नका. वेळेत पाहिले तर असे बहुतेक पेडेस्टल वाचवता येतात. माझ्या त्या पेडेस्टलची दुरुस्ती मी पुन्हा, या वेळी क्लोराइड मोजून केली, आणि आता दर पावसाळा संपला की ठिगळाच्या चारही कडांना हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकतो.