संत्र्याच्या रसापासून कार्बन क्वांटम डॉट: तालुक्याच्या महाविद्यालयात जमेल अशी पद्धत

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातल्या महाविद्यालयाला नॅनोविज्ञानाचं काम सुरू करायला कच्चा माल शिवारातच मिळतो. संत्र्याच्या रसातली साखर आणि सायट्रिक आम्ल बंद भांड्यात, दाबाखाली तापवलं की १० नॅनोमीटरपेक्षा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लहान कार्बनचे कण, म्हणजे कार्बन डॉट, तयार होतात आणि अतिनील प्रकाशात निळे चमकतात. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या क्वांटम डॉटसाठी, म्हणजे अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म कणांसाठी, मिळालं, त्यांत रंग मुख्यतः कणाच्या आकारावर ठरतो. कार्बन डॉटमध्ये पृष्ठभागावरच्या रासायनिक गटांचा वाटाही मोठा असतो, त्यामुळे “आकार बदलला म्हणून रंग बदलला” असं परस्पर लिहू नका.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की करा. द्रावण चमकलं म्हणजे डॉट झाले, असं नाही. कच्चा रसही थोडा चमकतो, आणि तापवताना तयार होणारे लहान रेणू तर कधी कधी डॉटपेक्षा जास्त चमकतात. म्हणून खरी मेहनत तापवण्यात नाही, शुद्धीकरणात आहे.

संत्री एकाच बागेतली, एकाच दिवशी तोडलेली घ्या. आंबिया आणि मृग बहाराच्या फळांत साखर-आम्लाचं प्रमाण सारखं नसतं, त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (रसातल्या विरघळलेल्या साखरेचं माप) मोजून वहीत लिहा. फळगळीची संत्री चालतात, पण बुरशी लागलेली नकोत. बागेत बोर्डो मिश्रण फवारलेलं असेल तर सालीवर तांबं असतं, आणि तांब्याचे आयन डॉटची चमक मारतात. साल आधी नीट धुवा, मग सोला. रस मलमलीतून आणि नंतर व्हॉटमन नंबर १ कागदातून गाळा. पाणी डिस्टिल्डच हवं. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्याचं पाणी आरओतून काढलं तरी त्यात थोडे क्षार उरतात.

५० मिलीच्या टेफ्लॉन अस्तराच्या हायड्रोथर्मल ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या घट्ट बंद पोलादी भांड्यात) १० मिली रस आणि १५ मिली पाणी घाला. अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. १८० अंशांना नुसत्या वाफेचाच दाब वातावरणाच्या सुमारे दहापट होतो, त्यात साखर-आम्ल फुटून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची भर पडते. प्रेशर कुकर इथे कामाचा नाही: तो १२० अंशांच्या आसपासच थांबतो आणि आम्लामुळे ॲल्युमिनियम रसात उतरतं. ओव्हनच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. १८० अंशांना ५ तास ठेवा, मग ओव्हन बंद करून रात्रभर आतच थंड होऊ द्या. गरम भांडं पाण्याखाली धरणं किंवा झाकण सैल करणं जिवावर बेतू शकतं.

मधेच लाइट गेली तर भांडं उघडू नका. किती वेळ गेली आणि तापमान कितीवर उतरलं ते लिहा, आणि तो घाणा इतरांत मिसळू नका. तापवण्याचा वेळ बदलला की मालही बदलतो.

सकाळी पिवळसर-तपकिरी द्रावण आणि तळाशी काळा गाळ दिसेल. गाळ फार आणि द्रावण फिकट असेल तर रस दाट होता. पुढच्या वेळी ५ मिली रस आणि २० मिली पाणी घ्या. सेंट्रिफ्यूज १०,००० फेऱ्यांचा असेल तर १५ मिनिटं फिरवा. ४,००० चाच असेल तर ३० मिनिटं फिरवा, आणि दोन्ही वेळा नंतर ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा.

आता डायलिसिस, म्हणजे लहान रेणू पिशवीच्या छिद्रांतून बाहेरच्या पाण्यात जाऊ देणं: १,००० डाल्टनची पिशवी (त्याहून हलके रेणू बाहेर पडतात), १ लिटर डिस्टिल्ड पाणी, दर ६ तासांनी पाणी बदलत किमान २४ तास. बाहेरचं पहिलं पाणी फेकू नका. त्याची चमक मोजा. ती पिशवीतल्या द्रावणाच्या चमकेशी आणि न तापवलेल्या विरळ रसाशी ताडून पाहा. बहुतेक चमक बाहेरच्या पाण्यात गेली असेल, तर तुम्ही लहान रेणूच मोजत होता.

बघायला ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च घ्या. ३९५ चा स्वस्त टॉर्च स्वतःच जांभळा दिसतो आणि फसवतो. स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटरवर (चमक मोजायच्या यंत्रावर) उत्तेजन, म्हणजे नमुन्यावर टाकलेल्या प्रकाशाची तरंगलांबी, ३२० ते ४२० पर्यंत दर १० नॅनोमीटरनं बदला. ३५० च्या उत्तेजनाला ३९७ च्या आसपास दिसणारं टोकदार शिखर पाण्याचं रामन शिखर असतं, म्हणजे पाण्यानंच विखुरलेला प्रकाश, डॉटची चमक नव्हे. नुसत्या पाण्याचा आलेख वजा करा. क्वांटम यील्डसाठी (शोषलेल्या प्रकाशापैकी किती चमक म्हणून परत येतो त्यासाठी) ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्लातलं क्विनाइन सल्फेट (०.५४) प्रमाण धरा आणि दोन्ही द्रावणांचं शोषण ०.१ च्या खाली ठेवा. दाट द्रावण स्वतःचाच प्रकाश गिळतं आणि आकडा चुकतो.

आकार बघायला टीईएम (इलेक्ट्रॉन झोतानं बघणारा सूक्ष्मदर्शक) लागतो. आयआयटी मुंबईच्या सैफ (महागड्या विश्लेषण यंत्रांची सामायिक सोय) केंद्रात नमुना पाठवता येतो, आणि जवळ कुठे यंत्र आहे ते आय-स्टेम या देशभरातल्या संशोधन यंत्रांच्या सरकारी पोर्टलवर शोधता येतं. अतिपातळ कार्बन पडद्याची ग्रिड (नमुना ठेवायची बारीक जाळी) मागा, कारण जाड कार्बनवर कार्बनचे कण उठून दिसत नाहीत. साखर उरली असेल तर इलेक्ट्रॉन झोतात नमुना जळून डाग पडतात आणि पाठवलेले पैसे वाया जातात.

विहिरीच्या पाण्यातलं लोह ओळखण्याचा प्रकल्प बऱ्याच विद्यार्थ्यांना करावासा वाटतो, कारण फेरिक आयन डॉटची चमक घटवतात. पण फेरिक आयन अतिनील प्रकाशही शोषतात, म्हणजे चमक घटण्याचं एक साधं कारण तेच असू शकतं. मिश्रणाचं उत्तेजन आणि उत्सर्जन या दोन्ही तरंगलांबींना शोषण मोजा, त्यांची बेरीज करून निम्मी करा, १० चा तेवढा घात काढून त्यानं मोजलेल्या चमकेला गुणा, आणि मगच तुलना करा. उदासीन पाण्यात फेरिक लोह हायड्रॉक्साइड होऊन गढूळ होतं, म्हणून पीएच ३ च्या जवळ ठेवा. लोह नसलेला कोरा नमुनाही त्याच पीएचला बनवा, कारण नुसत्या पीएचनंही चमक बदलते.