टायमिंग बेल्ट बदलल्यावर गाडी ओढत नाही? दोष असा शोधा

नवा टायमिंग बेल्ट (पिस्टनने फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व उघडणारा कॅम यांना मेळात फिरवणारा दातेरी पट्टा) टाकून गाडी घरी आणली, आणि आता घोडबंदर रोडला गायमुखचा चढ लागला की ती धापा टाकते, सिग्नलला उभी असताना थरथरते. अशा वेळी आधी एवढंच आठवा: तक्रार नक्की कधी सुरू झाली? पहिल्याच स्टार्टपासून असेल, तर बेल्ट बसवताना जुळवायच्या खुणा चुकल्याचा संशय रास्त आहे. काही आठवडे गाडी नीट चालून मग बिघडली असेल, तर सैल पडलेला टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा ऑइल सील गळून तेलाने भिजलेला बेल्ट आधी बघावा.

इंजिनातून धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येत असेल किंवा गाडी सुरूच होत नसेल, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. बऱ्याच इंजिनांत टायमिंग फार चुकलं की व्हॉल्व पिस्टनवर आदळून वाकतात, आणि मग काम थेट हेड (इंजिनाचा व्हॉल्व असलेला वरचा भाग) उतरवण्यावर जातं. गाडी टो करून न्या. वाशी असो की वागळे इस्टेट, टोचे पैसे हेडच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

आवाज नसेल तर सुरुवात सोप्या गोष्टींपासून करा. बेल्टपर्यंत पोहोचायला मेकॅनिकला बरंच काही सोडावं लागतं. कॅम सेन्सर आणि क्रँक सेन्सरचे कनेक्टर, व्हॅक्यूमचे पाइप, एअर फिल्टरची नळी, प्लगच्या वायरी हाताने दाबून बघा. अर्धवट बसलेला एक कनेक्टरही अगदी टायमिंग चुकल्यासारखीच लक्षणं दाखवतो.

मग गाडीतले एरर कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी००१६ हा कोड आला तर क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही असं समजा. पी०३४० किंवा पी०३३५ आला तर आधी सेन्सर आणि त्याची वायरिंग. जुन्या मारुती ८०० ला स्कॅनर लागत नाही, तिथे खुणाच बघायच्या.

खुणा बघताना मात्र घाई नको. इंजिन थंड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हळूहळू पूर्ण दोन फेरे द्या; बहुतेक गाड्यांत ती घड्याळाच्या काट्यांची दिशा. उलटं फिरवू नका, बेल्ट सैल पडून दात सरकू शकतो. मध्येच कडक अडलं तर जोर न लावता थांबा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, म्हणून एका फेऱ्यानंतर कॅमची खूण बरोबर विरुद्ध बाजूला दिसली तर तो दोष नव्हे. नव्या बेल्टवर छापलेल्या रेषाही दोन फेऱ्यांनंतर जुळत नाहीत. त्या फक्त बसवताना कामाच्या. आता स्प्रॉकेटच्या (बेल्ट ज्यांवर बसतो त्या दातेरी चाकांच्या) खुणा बघायच्या. क्रँक स्प्रॉकेटला २० दात असतील तर एक दात चुकला की क्रँकचे १८ अंश चुकले. गाडी मरगळायला तेवढे पुरतात.

बाहेरच्या पुलीवरच्या खुणेवर एकट्या विसंबू नका. काही पुल्यांत मधलं रबर सुटून बाहेरची कडी फिरलेली असते. म्हणून कव्हर काढून आतल्या स्प्रॉकेटची खूण आणि त्याला जागेवर धरणारी चावी (धातूची छोटी खुंटी) तपासा. डस्टर डिझेल किंवा पोलो टीडीआय असेल तर नजरेचा अंदाज चालत नाही, क्रँक-कॅम जागेवर अडकवणाऱ्या लॉकिंग पिन लावूनच तपासणी होते. तुमच्या गॅरेजकडे तो सेट आहे का, हे आधी विचारा.

तरीही शंका उरली तर पेट्रोल गाडीला व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोरात ओढतं ते मोजणारं मीटर) लावा. आपण मुंबई-ठाण्याकडे समुद्रसपाटीलगत राहतो, तेव्हा निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २२ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर व्हॉल्व उशिरा उघडत असण्याची शक्यता मोठी. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (सिलिंडरमधला दाब मोजणारी तपासणी) सगळेच सिलिंडर सारखे कमी निघाले तर संशय टायमिंगवर. एखाददुसराच फार खाली असेल तर वाकलेला व्हॉल्व.

दात चुकलेलाच निघाला, तर बेल्ट आहे तसा खेचून सरकवू देऊ नका. टेन्शनर सैल करून, खुणा जुळवून बेल्ट पुन्हा बसवायचा, टेन्शनरचा बोल्ट टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापाला आवळायचा, पुन्हा हाताने दोन फेरे द्यायचे, खुणा बघायच्या आणि मगच किल्ली फिरवायची.