संपादक बदलले, आता आपलं काय? मराठी न्यूज चॅनलमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मराठी न्यूज चॅनलमध्ये ट्रेनी म्हणून लागलात की लवकरच एखादी मोठी उलथापालथ बघायला मिळते. संपादक जातात, त्यांच्यामागे दोन-चार अँकर जातात, चॅनलचं नाव बदलतं, कधी मालकच बदलतो. कँटीनमध्ये त्यावर जे काही बोललं जातं, त्यातलं निम्मं तिथेच सोडून यायचं असतं. उरलेलं कसं ओळखायचं, ते आउटपुट डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या बुलेटिनसाठी तयार होतात तिथे, बसून मला जेवढं उमगलं तेवढं सांगते.

आधी नाव बदलण्याबद्दल. नव्या मुलांची सगळ्यात जास्त घाबरगुंडी त्यानेच उडते, आणि बहुतेक वेळा उगाचच. 2007 मध्ये सुरू झालेलं स्टार माझा 2012 मध्ये एबीपी माझा झालं, कारण स्टारचं नाव वापरण्याचा करार संपला. चॅनल चालवणारी कंपनी तीच राहिली. पुढे आयबीएन लोकमतचंही न्यूज18 लोकमत झालं. तेव्हा अशी कुजबुज कानावर आली की एवढंच विचारा: नाव बदलतंय की कंपनी? सॅलरी स्लिप काढून बघा, तिच्यावर कंपनीचं नाव असतं. ते तेच राहणार असेल तर नोकरीच्या कागदात काही हलत नाही. कंपनी बदलत असेल तर मात्र नवं लेटर नीट वाचल्याशिवाय सही करू नका. जुनी सर्व्हिस धरली आहे की नाही, ते त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण ग्रॅच्युइटी सलग सर्व्हिसवर मिळते. एचआरवाले ‘ते होऊन जाईल’ म्हणतात, त्यावर विसंबू नका. श्रमिक पत्रकारांचा 1955 चा कायदा वृत्तपत्रांना समोर ठेवून केलेला होता. टीव्हीवाल्यांची भिस्त वर्षानुवर्षं हातातल्या करारावरच राहिली आहे.

नाव बदलल्यावर डेस्कवर खरा गोंधळ फुटेजच्या लायब्ररीत होतो. बूम (चॅनलच्या लोगोचा माइक), ग्राफिक्स, टिकरची पट्टी हे सगळं एका रात्रीत नवं होतं. पण ज्या जुन्या व्हिज्युअल्सचं क्लीन फीड, म्हणजे लोगो-पट्टी नसलेली प्रत, कुणी जपून ठेवलेलं नाही, त्यांच्या कोपऱ्यात जुना लोगो कायमचा चिकटलेला असतो. मग एडिटर फ्रेम झूम करून तो कापतो आणि त्याबरोबर एखाद्या मंत्र्याचं अर्धं डोकंही जातं. ही व्हिज्युअल्स शोधून, बघून, नव्याने नाव देऊन ठेवण्याचं काम हमखास ट्रेनीच्या गळ्यात पडतं. हमाली वाटेल, पण टाळू नका. सांगली-कोल्हापूरच्या 2019 च्या महापुराची व्हिज्युअल्स कुठल्या नावाने सेव्ह केली आहेत हे ज्याला तोंडपाठ असतं, त्याला ब्रेकिंगच्या वेळी सगळं पीसीआर (बुलेटिन जिथून चालतं ती कंट्रोल रूम) हाका मारतं, मग संपादक कुणीही असोत.

संपादक बदलणं ही त्याहून वेगळी गोष्ट. नवे संपादक सहसा स्वतःचा आउटपुट हेड आणतात, कधी रिपोर्टरना कामं देणाऱ्या असाइनमेंट डेस्कलाही आपला माणूस बसवतात. पहिल्या मीटिंगमध्ये ‘कुणालाही काळजीचं कारण नाही’ हे वाक्य ऐकू येतंच. तुम्ही लक्ष ठेवा रनडाउनवर, म्हणजे बुलेटिनमध्ये काय कुठल्या क्रमाने जाणार त्या यादीवर. समजा दुपारचं जिल्ह्यांचं बुलेटिन आहे: तीन पॅकेज (आवाज देऊन, कापून तयार केलेल्या पूर्ण स्टोऱ्या), दोन फोनो (फोनवरून दिलेली बातमी), रिपोर्टरचा एखादा वॉकथ्रू (जागेवर फिरत दाखवलेली बातमी). एका सोमवारी त्याच स्लॉटमध्ये ‘सुपरफास्ट शंभर’ दिसतं. पॅकेजं गेली, प्रत्येक बातमीला दोन ओळींची कॉपी आणि वर पळती व्हिज्युअल्स. पॅकेज लिहिणाऱ्या दोघांच्या हातातलं काम गेलं, हे त्यांना मेल यायच्या आधी रनडाउनमध्ये दिसतं. त्या आठवड्यात दोन ओळींची कॉपी झटपट आणि चोख लिहून दाखवणारा ट्रेनी नव्या माणसांच्या नजरेत भरतो.

याचा खरा फटका बसतो तो स्ट्रिंगरला, म्हणजे जिल्ह्यातून बातम्या पाठवणाऱ्याला, आणि त्याच्याबद्दल ऑफिसात कुणी बोलत नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारचा स्ट्रिंगर पगारी नसतो, त्याला स्टोरीमागे पैसे मिळतात. पॅकेज बंद झालं की त्याचं बिल आटतं. मग तो चांगली व्हिज्युअल्स आधी दुसऱ्या चॅनलला पाठवतो, आपल्याकडे उरलंसुरलं येतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी अँकरशी सलगी करण्यापेक्षा पाच जिल्ह्यांच्या स्ट्रिंगरशी नियमित बोलत जा. ‘दादा, तुमची स्टोरी लागली, लिंक पाठवतो’ एवढा निरोप दिला तरी माणूस लक्षात ठेवतो.

गुरुवारी बार्कचे, म्हणजे चॅनल किती बघितलं गेलं ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे आले की पुन्हा चर्चांना ऊत येतो: नवे सर टिकणार की जाणार? न्यूज चॅनलचे आकडे ऑक्टोबर 2020 ते मार्च 2022 बंद होते, आणि पुन्हा सुरू झाले ते चार आठवड्यांच्या सरासरीने. त्यामुळे एका आठवड्याच्या उड्यांवरून कुणाची खुर्ची मोजायला जाऊ नका.

सगळ्यात नाजूक प्रश्न येतो तो जुने संपादक नव्या चॅनलला जाताना ‘चलतोस का?’ म्हणतात तेव्हा. आमच्याकडच्या एका मुलाने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं, तेव्हा बुलेटिन प्रोड्युसर मॅडमनी मान वर न करता विचारलं, “ऑफर लेटर आलंय का? कंपनीचं आलंय की सरांनी फोनवर सांगितलंय?” फोनवर सांगितलं होतं. नवं चॅनल सुरू व्हायला सहा महिने लागू शकतात, वर्षही लागू शकतं, परवानगी अडकते, गुंतवणूकदार मागे फिरतो. सरांना दुसरीकडे जागा मिळते, ट्रेनीला मिळेलच असं नाही. शिवाय एकदा ‘हा अमुक सरांचा माणूस’ असा शिक्का बसला की तो पुसायला वेळ लागतो. कागद हातात आला, त्यावर पगार आणि नोटीस पिरियड लिहिलेला असला, तर जरूर जा. उगाच भावनेपोटी थांबूही नका.

जायचं ठरलंच तर राजीनामा टाकण्याआधी स्वतःच्या लागलेल्या स्टोऱ्यांच्या यूट्यूब लिंक्स एका फाइलमध्ये जमवा. राजीनाम्यानंतर सिस्टिमचा लॉगिन कधी बंद होईल सांगता येत नाही. कच्चं फुटेज मात्र घेऊ नका, ते चॅनलच्या मालकीचं असतं. आणि बूम, बॅटरी, लाइव्हचा बॅकपॅक, जे काही नावावर असेल ते परत केल्याची मेलवर पोच घ्या. एका बूमपायी फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) अडकलेला रिपोर्टर मी पाहिला आहे, आणि त्या बूमवर लोगोही जुनाच होता.