सायप्रेस हिल्सला जायचं कसं?

कॅनडातल्या कॅलगरीहून ट्रान्स-कॅनडा महामार्गावर पूर्वेला निघालं की तीन तास नुसती सपाट, कोरडी प्रेअरी. डोळे मिटायला लागतात. मेडिसिन हॅट हे शहर मागे पडलं की दक्षिणेला क्षितिजावर एक काळपट, लांबट पट्टा दिसतो. ढग नव्हे, ते सायप्रेस हिल्स या टेकड्यांवरचं जंगल आहे. भोवतालच्या माळापेक्षा सुमारे 600 मीटर उंच! पश्चिमेचे रॉकीज पर्वत आणि पूर्वेचं लॅब्रडॉर यांच्या दरम्यान कॅनडात याहून उंच जागा नाही.

आधी बाजू ठरवा. अल्बर्टा आणि सस्कॅचवान या दोन प्रांतांनी 1989 मध्ये मिळून केलेलं हे उद्यान आहे, पण ते सलग नाही: अल्बर्टातला भाग आणि सस्कॅचवानमधला वेस्ट ब्लॉक एकमेकांना लागून आहेत, सस्कॅचवानमधलाच सेंटर ब्लॉक मात्र वेगळा पडतो. मुलंबाळं बरोबर असतील तर अल्बर्टातलं एल्कवॉटर सोयीचं: महामार्ग सोडून 41 क्रमांकाच्या रस्त्यानं दक्षिणेला वळायचं, की तळ्याकाठचं गाव येतं. इतिहासाची आवड असेल तर सस्कॅचवानमधल्या मेपल क्रीकहून वेस्ट ब्लॉक गाठा. सस्कॅचवानच्या बाजूला गाडीचा प्रवेश परवाना लागतो, तो आधीच काढून ठेवा. पेट्रोलची टाकी मेडिसिन हॅट किंवा मेपल क्रीकलाच भरा.

पोचल्यावर थेट तंबू ठोकायला धावू नका. एल्कवॉटरवरून हॉर्सशू कॅन्यनच्या कड्यावर जा. तिथं उभं राहिलं की या टेकड्यांचा उलटा स्वभाव कळतो: माथ्यावर गवताचं पठार, आणि रान उत्तरेच्या उतारावर, जिथं ओल टिकते. हिमयुगात भोवती सगळीकडे बर्फाचे थर होते, पण हा माथा त्यांच्या वर डोकं काढून राहिला. इथं पडलेल्या पावसाचंही दोन वाटांनी जाणं होतं: उत्तरेचं पाणी हडसनच्या उपसागराकडे, दक्षिणेचं मिसुरी नदीतून मेक्सिकोच्या आखाताकडे.

आता एका झाडाजवळ थांबा. दोन-दोनच्या जोडीनं सुया, खोड काठीसारखं सरळ. हे लॉजपोल पाइन. सायप्रेस इथं एकही नाही! फ्रेंच बोलणाऱ्या मेती (युरोपीय आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाच्या) लोकांनी पाइनला ‘सिप्रे’ म्हटलं आणि इंग्रजीत गोंधळ पक्का झाला. खाली पडलेलं शंकूफळ उचलून पाहा. बरीचशी डिंकानं घट्ट मिटलेली असतात. वणव्याची आंच लागली की उघडून बी सांडतात.

वेस्ट ब्लॉकमधला फोर्ट वॉल्श चुकवू नका. 1873 मध्ये इथं लांडग्यांच्या शिकाऱ्यांनी आणि व्हिस्कीवाल्यांनी नाकोडा या मूळनिवासी जमातीची वीसहून अधिक माणसं मारली. 1875 मध्ये नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी, म्हणजे कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी, हा किल्ला बांधला. उन्हाळ्यातच उघडा असतो.

सेंटर ब्लॉकहून वेस्ट ब्लॉकला जाणारा गॅप रोड नकाशावर जवळचा दिसतो. कोरडा असेल तरच जा. एकदा सकाळी सरी पडून गेल्यावर ‘जाऊ की’ म्हणून आम्ही निघालो. दहा मिनिटांत चाकांवर पीठ मळल्यासारखा चिकट चिखल चढला, चाकं दिसेनाशी झाली. इथले लोक त्याला ‘गम्बो’ म्हणतात. गाडी उलट वळवायला पाऊण तास गेला. पाऊस झाला असेल तर मेपल क्रीकवरून वळसा घाला; लांब पडतो, पण डांबरी आहे.

मुक्काम करायचाच. 2004 पासून हे रात्रीच्या अंधारासाठी राखलेलं उद्यान आहे. अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा आणि टॉर्चला लाल कागद गुंडाळा, म्हणजे काळोखाला सरावलेली नजर मोडत नाही. जुलैतही स्वेटर हवा; माळावर घाम फुटतो त्याच दिवशी इथं रात्री हुडहुडी भरते. आणि झोपायच्या आधी खाण्याचं सगळं, चिवड्याच्या डब्यासकट, गाडीत बंद करा. जनावरांना फोडणीचा वास आपल्याइतकाच कळतो.