कोते-गाएशी: आधी तोल, मग मनगट

कोते-गाएशी हे आयकिडो या जपानी युद्धकलेतलं तंत्र, म्हणजे समोरच्याचं मनगट बाहेरच्या बाजूला वळवून त्याला पाडणं. नावात मनगट असलं तरी निम्म्याहून जास्त काम पायांचं आहे, आणि नवशिक्यांचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

त्याआधी पडायला शिका. आयकिडोत तंत्र करणारा नागे आणि पडणारा उके. उकेने हनुवटी छातीला टेकवायची आणि पाठ गोल ठेवायची. मागे पडताना आधी पाय दुमडून बूड टेकवायचं आणि मग लोळायचं. पुढची लोळण मानेवरून कधीच नसते, ती एका खांद्यावरून तिरकी विरुद्ध बाजूच्या कमरेकडे जाते. मनगट दुखलं की मोकळ्या हाताने मॅटवर दोनदा थाप मारायची आणि नागेने त्याच क्षणी पकड सैल करायची. यात कुठलीही सवलत नाही.

आता उकेने उजव्या मुठीने पोटावर ठोसा मारला असं धरा. डावा पाय पुढे ठेवून उभे राहा. ठोसा निघाला की तोच पाय ठोशाच्या रेषेबाहेर, उकेच्या उजव्या कुशीजवळ टाका आणि त्यावर गिरकी घेऊन उजवा पाय मागे न्या. आता दोघांची तोंडं एकाच दिशेला, खांद्याला जवळपास खांदा. या वेळात डावा हात वरून त्याच्या हातावर सरकत मनगटाशी येतो. अंगठा त्याच्या पंजाच्या मागच्या बाजूला, अनामिकेच्या सांध्यापाशी आणि उरलेली बोटं त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागाभोवती. नुसती बोटं धरू नका. ती निसटतात किंवा मुरगळतात.

डावा पाय मोठ्या कमानीत मागे घ्या. उके तुमच्याभोवती ओढला जाऊन तुमच्या समोर येतो आणि त्याचं वजन पुढच्या पायाच्या बोटांवर जातं. याच घटकेला उजवा तळहात त्याच्या मुठीवर ठेवा, मूठ त्याच्याच हाताच्या आतल्या बाजूकडे दुमडा आणि तुमच्या डावीकडे खाली सोडा. त्याचं कोपर वाकलेलं हवं आणि त्याचा हात सतत तुमच्या बेंबीसमोर हवा.

हात बेंबीपासून दूर गेला की दंडाची ताकद लावावी लागते, आणि दंडांच्या झटापटीत जाडजूड माणूसच जिंकतो. पाय थांबले तर उके सरळ उभा राहतो. मग मनगट कितीही पिळा, तो तोंड वाकडं करेल पण पडणार नाही. तिसरी चूक म्हणजे आडवं पिळणं. दिशा दुमडून खाली अशी हवी. आडव्या झटक्याने सांधा दुखावतो आणि तोल मात्र जागच्या जागी राहतो.

हे खऱ्या झटापटीत चालतं का? हवेत सुटलेला वेगवान ठोसा मनगटाशी पकडून नाही. सरावातला उके ठोसा मारून हात तिथेच ठेवतो. मारामारीतला माणूस तो लगेच मागे खेचतो आणि दुसरा मारतो. हे प्रामाणिकपणे मान्य करावं. पण समोरच्याने तुमचं मनगट किंवा कपडा घट्ट धरला असेल, तर हात जागेवर आहे आणि सोडायला तो तयार नाही. तिथे हे तंत्र मुरलेलं असेल तर उपयोगी पडतं. त्यातही आधी तोंडाच्या दिशेने एक आतेमी, म्हणजे लक्ष विचलित करणारा फटका, दाखवावा लागतो. तो गाळून शिकवलेलं कोते-गाएशी मला अर्धवट वाटतं.

वाद घालण्यापेक्षा पायरीपायरीने तपासा. आधी उकेने नुसतं घट्ट धरायचं. मग धरून मागे खेचायचं. मग एका हाताने धरून दुसऱ्याने हलकेच मारायचं. शेवटी कोणतं तंत्र येणार हे उकेला सांगायचंच नाही. ज्या पायरीवर तंत्र फसतं तिथेच थांबून पाय बघा. केनजी तोमिकी हे जूडोचे संस्थापक जिगोरो कानो आणि आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा या दोघांचे शिष्य. त्यांनी प्रतिकारासह मोकळा सराव, रांदोरी, आयकिडोत आणला. त्यांच्या शाखेतल्या स्पर्धेत एकाच्या हातात मऊ, नकली सुरा असतो आणि तो खरोखर भोसकायला येतो. तिथे तंत्रं वहीतल्यासारखी सुबक दिसत नाहीत, बरीच फसतात, आणि म्हणूनच लागलेल्या तंत्राला किंमत येते.

उकेने मनगट आत वळवून कोपर वर उचललं तर कोते-गाएशी सोडून द्या. हट्टाने पिळलंत तर तुम्हीच जागेवर खिळता. वर आलेलं ते कोपर इक्क्यो या दुसऱ्या तंत्राचं निमंत्रण आहे: एक हात मनगटावर, दुसरा कोपरावर, आणि त्याच्या कानाच्या दिशेने पुढे चालत त्याला पालथा घाला.