आजींचा केक आणि 'आउफहेबेन'

जर्मनची बी-२ पातळीची परीक्षा झाली, व्हिसा आला, आता भाषेची काळजी मिटली असं समजून जर्मनीत नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षणाला, येत असाल, तर जरा थांबा. माझंही बी-२ झालं होतं.

पहिल्याच महिन्यात वृद्धाश्रमातल्या एका आजींनी अर्धा राहिलेला केक पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "हेबेन झी मीर दास बिटं आउफ." वाक्यात 'हेबेन' आणि 'आउफ' असा तुटलेला शब्द आउफहेबेन; आउफहेबेन म्हणजे उचलणे, एवढं मला पाठ. मी ताटली उचलली, केक कचऱ्यात टाकला. दुपारी कॉफीच्या वेळी आजींनी केक मागितला. नातवाच्या वाढदिवसाचा होता तो. आउफहेबेन म्हणजे नंतरसाठी ठेवणंसुद्धा, हे मला तेव्हा कळलं.

खरी फजिती पुढेच. उलट्या-जुलाबांमुळे एका खोलीत आयसोलेशन होतं. सकाळच्या यूबरगाबंमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना, कानावर पडलं, "इझोलिअरुंग इस्ट आउफगेहोबेन." आउफहेबेनचंच रूप. केकचा धडा ताजा, म्हणून मी समजले, ठेवलंय! गाऊन, मास्क, हातमोजे चढवून नाश्ता घेऊन गेले, तर आत सहकारी साध्या कपड्यांत चादर बदलतेय. आयसोलेशन उठवलं होतं. एकच शब्द, 'ठेवणे' आणि 'रद्द करणे' दोन्हीला!

रडू नका. आपणही 'संचारबंदी उठवली' म्हणतोच. 'लावणे' घ्या: दिवा लावतो, झाड लावतो, दारही लावतो. जर्मन माणसाने काय करावं?

आमचे क्लासचे सर म्हणायचे, पहिला अर्थ पाठ करा, परीक्षेला पुरतो. परीक्षेला पुरला, खोटं कशाला बोलू. पण एका शब्दाला एक अर्थ देणारी ती फ्लॅशकार्डं मला आता बघवत नाहीत. शब्द सोबतीसकट लिहा. 'फॉम बोडेन' असेल तर जमिनीवरून उचला. 'फ्युअर श्पेटर' असेल तर ठेवा. बंदी, नियम, आयसोलेशन असेल तर उठवलं. 'मीर'वर, म्हणजे आजींच्या वाक्यातल्या 'माझ्यासाठी'वर, विसंबू नका, पडलेला चष्मा उचलून मागतानाही ते येतं. आणि डॉक्टरची वेळ रद्द करायला आउफहेबेन नाही, आब्जागेन.

शंका आली की जागा विचारा: "इन देन क्यूलश्रांक?" फ्रिजमध्ये का? यात कसली लाज! त्या आजी तर आता आधी फ्रिजकडे बोट दाखवतात, मग वाक्य सुरू करतात.